जमा, नावे आणि कार्ड

चाकणच्या बाजारपेठेत आता बहुतेक मोठ्या दुकानांच्या गल्ल्याशेजारी कार्डाचे यंत्र असते. औद्योगिक वसाहतीतील कामगाराच्या पगार खात्याचे डेबिट कार्ड आणि एखाद्या अधिकाऱ्याचे क्रेडिट कार्ड एकाच यंत्रातून जाते. दिसायला दोन्ही सारखीच. फरक आहे तो पैसा कोणाचा, एवढाच.

वहीखात्यात वाढलेल्या माणसाला ही नावे थोडी चकवतात. क्रेडिट म्हणजे जमा, डेबिट म्हणजे नावे, हे त्यास पाठ असते. मग उधारीच्या कार्डास क्रेडिट का म्हणावे? येथे त्या शब्दाचा अर्थ पत. ग्राहकाच्या पतीवर बँक दुकानदारास पैसे देते आणि ठरलेल्या तारखेस ग्राहकाकडून घेते. डेबिट कार्डाने रक्कम स्वतःच्याच खात्यातून तत्काळ वजा होते.

तारखेस पूर्ण बिल भरणाऱ्यास खरेदीवर व्याज पडत नाही. कार्डावर रोख काढल्यास मात्र पहिल्या दिवसापासून पडते. खरा फास ‘किमान देय रकमे’चा. समजा, बिल ५०,००० रुपयांचे आहे आणि घरातील मुलाने केवळ २,५०० भरले. दरमहा साडेतीन टक्के दराने उरलेल्या ४७,५०० वर महिन्याचे व्याज सुमारे १,६६० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी सुमारे ३०० रुपये. भरलेल्या अडीच हजारांतले जवळजवळ दोन हजार बिलात परत आले! शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. पेढीवर असा दर कोणी लावला असता, तर त्यास सावकार म्हटले असते.

दुकानदाराच्या बाजूनेही फरक आहे. रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून दुकानदारास शुल्क नाही. क्रेडिट कार्डावर मात्र विक्रीचा काही टक्के भाग कापला जातो. कमी नफ्याच्या मालात ही कपात जाणवते.

फसवणूक झाली, तर डेबिट कार्डात घरचाच पैसा आधी जातो. म्हणून मोठी शिल्लक असलेल्या खात्याचे कार्ड रोजच्या खरेदीस न वापरणे बरे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, दोष ग्राहकाचा वा बँकेचा नसून अन्यत्र असेल आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार झाली, तर ग्राहकावर भार नाही. ओटीपी स्वतःच सांगितला असेल, तर तक्रार करीपर्यंतचे नुकसान त्याचेच. त्यामुळे बँकेत नोंदलेला मोबाईल क्रमांक चालू असणे आणि आलेला संदेश त्याच दिवशी वाचणे आवश्यक ठरते.