मांजर आणि दूधभात

सदैव अंग स्वच्छ करितें म्हणून संस्कृतांत मांजरास ‘मार्जार’ हें नांव. तें पोथीशेजारीं घुरघुरत बसलें, कीं आबालवृद्धांस संतोष होतो. जुन्या वाड्यांत तें दूधभात खाई व उरलेली भूक उंदरांवर भागवी. नवी मुंबईच्या सातव्या मजल्यावर उंदीर कोठला? आणि निव्वळ दूधभातांत ‘टॉरिन’ हें आवश्यक द्रव्य पुरेसें नसतें. त्याच्या अभावीं मांजराची दृष्टि जाते, हें १९७५ सालीं, व हृदय दुबळें होतें, हें १९८७ सालीं संशोधकांनीं दाखविलें. तेव्हां वडीलधाऱ्यांनीं सोंवळें स्वयंपाकघरापुरतें ठेवून दिवाळे कोळीवाड्याची शिजविलेली मासळी किंवा टॉरिनयुक्त तयार खाद्य गॅलरींत येऊं द्यावें. तें न रुचल्यास मांजर पाळूंच नये. आपलें व्रत मुक्या जीवावर लादण्यांत पुण्य कसलें?