आई किती दिवस काढेल?



आदिलाबादेत आपली स्मृतिभ्रंश झालेली म्हातारी माणसे बहुधा घरच्याच खाटेवर असतात. न्यूमोनिया झाला की मुले विचारतात, "आई किती दिवस काढेल?" आणि लगेच जीभ चावतात. जणू विचारले म्हणजे विश्वास ढळला.

आम्हांला तसे वाटत नाही. अमेरिकेत नर्सिंग होममधील, स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यातील 323 रुग्णांवर दीड वर्ष लक्ष ठेवले गेले. तो अभ्यास 2009 साली छापून आला. न्यूमोनिया झालेल्यांपैकी जवळपास 47 टक्के सहा महिन्यांत वारले. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी श्वासाचा वेग, नाडी, शुद्ध, पाणी पिणे, हाताने जेवता येणे, पाठीच्या जखमा अशा खुणांवरून पुढच्या पंधरवड्यातला धोका मोजला. यातले बरेचसे उशाशी बसलेल्या सुनेलाही दिसते.

निम्म्याहून थोडे जास्त सहा महिन्यांनंतरही जगले, म्हणून हा आकडा आपल्या आईचा निकाल नव्हे. पण फादरांना निरोप कधी धाडायचा, ते त्यातून कळते. आपल्याकडे बोलावणे येते तेव्हा घशात घरघर लागलेली असते, कम्युनियन गिळता येत नाही. याकोबाच्या पत्रात (5:14) वडिलांना बोलवायला सांगितले आहे ते आजाऱ्याने, मरणाऱ्याने नव्हे!

आणि गुंगीतल्या आईच्या तोंडात मायेपोटी पेज ओतू नका. ती श्वासनलिकेत उतरते. हा न्यूमोनिया अनेकदा तिथूनच सुरू होतो. ओठ ओले करा. डॉक्टरांना सरळ विचारा. खाटेभोवती जपमाळ करायची असेल तर आज रात्रीच करा, ती अजून ऐकते आहे तोवर.