कान उघडे ठेवून

"मास्तर, पाव खावपाचे सोडले काय कितें?"

गेल्या जूनमध्ये आमच्या पोदेराने मला वाटेत अडवून हा प्रश्न विचारला आणि मी गोंधळलो. खरं तर मीच त्याला विचारणार होतो, की बाबा, आठ दिवस तू आहेस कुठे? घरात त्यावरून कुरबूर चालली होती. सकाळच्या चहाबरोबर बिस्किटं खाण्याची पाळी आली होती, आणि फोंडा तालुक्यातल्या माणसाला यापेक्षा मोठं दुःख ते काय असणार?

त्याचं म्हणणं असं, की तो रोज ठरल्या वेळी येत होता. वळणावर माझ्या पाठीमागून सायकलवर येऊन भोंगा वाजवत होता. पूर्वी मी मागे न वळताच हात वर करून चार बोटं दाखवायचो, आणि तो आमच्या पडवीत चार उंडे ठेवून पुढे जायचा. हा आमचा कित्येक वर्षांचा व्यवहार. आता सलग आठ दिवस हात वर झाला नाही, तेव्हा त्याने समज करून घेतला, की डॉक्टरांनी मास्तरांचा पाव बंद केला असणार!

दोष पोदेराचा नव्हता, माझाही पूर्णपणे नव्हता. दोष माझ्या कानातल्या बोळ्यांचा होता.

झालं होतं असं, की माझ्या भाच्याने मला वाढदिवसाला इअरबड्स दिले. "मामा, तुला चालायचा कंटाळा येतो ना? हे घाल आणि गाणी ऐकत चाल. बाहेरचा आवाज अजिबात येत नाही बघ." आणि खरोखरच येत नसे. पंडित जितेंद्र अभिषेकींचे अभंग ऐकत मी मंगेशीच्या बाजूला निघालो, की ट्रकांची घरघर, बसच्या कंडक्टरची शिट्टी, कोणाच्या तरी घरातला टीव्ही, सगळं नाहीसं व्हायचं. मी खूश होतो. त्या सगळ्याबरोबर पोदेराचा भोंगाही नाहीसा झाला, हे मात्र माझ्या लक्षात आलं नाही.

पाव चुकला तर बिस्किटावर भागतं. पण त्याच महिन्यात दुसरी गोष्ट घडली. कुळागराच्या कडेने जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चिऱ्यांनी भरलेला एक टेम्पो मागे येत होता. क्लीनर टेम्पोच्या पत्र्यावर थापा मारत ओरडत होता. मी गाण्यात. तिथेच काम करणाऱ्या एका पोराने माझा सदरा धरून मला गडग्याकडे ओढलं आणि म्हणाला, "कान खंय दवरल्यात तुमी?" पोराचा स्वर उद्धट होता, पण प्रश्न रास्त होता. त्या दिवशी घरी आलो, बोळे डबीत ठेवले आणि ठरवलं, की रस्त्यावर हे पुन्हा घालायचे नाहीत.

मित्रहो, आता या विषयावर माझं जे मत झालं आहे, ते मांडतो. मी तंत्रज्ञ नाही. पण दोन-तीन महिने या गोष्टीचा पाठपुरावा केला, भाच्याला पिडलं आणि एकदा खिशाला चाटही लावून घेतली.

पहिली गोष्ट म्हणजे, आपले रस्ते हे कान झाकून चालण्याचे रस्ते नव्हेत. पदपथ पणजीत, मडगावात थोडाफार. गावात रस्त्याची कडा म्हणजे एका बाजूला गडगा आणि दुसऱ्या बाजूला गटार. वळणं अशी, की समोरचं वाहन डोळ्यांना दिसण्याआधी कानांना कळतं. पाठीमागचं तर केवळ कानांनाच कळतं. भटकी कुत्री, मोकळी गुरं, पावसाळ्यात पाचोळ्यात सळसळणारं जनावर, यांची चाहूलही आधी कानालाच लागते. अशा ठिकाणी चालणाऱ्याने किंवा धावणाऱ्याने कान बंद करणं म्हणजे मागचा एक डोळा स्वतःच फोडून घेण्यासारखं आहे.

"मग गाणं ऐकूच नये का?" असं माझ्या भाच्याने विचारलं. तो रोज पहाटे मिरामार ते दोनापावल धावतो आणि संगीताशिवाय पाऊल टाकत नाही. त्याला मी नाही म्हणणार नाही. माझा स्वतःचाही चालण्याचा कंटाळा गाण्यानेच गेला. यावर तोडगा म्हणून जी वस्तू आता बाजारात स्थिरावली आहे, ती म्हणजे 'ओपन-इअर', म्हणजे कानाचं भोक न बुजवणारे इअरबड्स. माझं मत स्पष्ट आहे: बाहेर चालायला, धावायला, सायकल चालवायला काही घालायचंच असेल, तर हेच घाला. पण ते काय करतात आणि काय करत नाहीत, हे समजून घाला.

यात मुख्यतः दोन जाती. पहिली हाडातून आवाज नेणारी. कानापुढच्या हाडावर दोन लहान गाद्या टेकतात, त्या कंप पावतात आणि तो कंप कवटीच्या हाडातून थेट आतल्या कानात पोचतो. हे ऐकायला चमत्कारिक वाटतं, पण आपण स्वतःचा आवाज आयुष्यभर काही अंशी असाच ऐकत असतो. म्हणून तर ध्वनिमुद्रणात आपला आवाज आपल्याला परका वाटतो. 'शॉक्झ' ही कंपनी, जी २०२१ पर्यंत 'आफ्टरशॉक्झ' या नावाने ओळखली जाई, यासाठी प्रसिद्ध आहे. दुसरी जात हवेतून आवाज नेणारी. तिच्यात कानाच्या तोंडाशी एक लहानसा स्पीकर अधांतरी राहतो. कुणी तो आकड्याने कानावर अडकवतं, कुणी चिमट्यासारखा पाळीला लावतं. सोनीने २०२२ साली मधोमध भोक असलेली कडी काढली, पुढे हुआवेने आणि बोसने चिमट्याचे प्रकार काढले. आता लहानमोठ्या पंचवीस कंपन्या त्याच वाटेने चालल्या आहेत.

आता तुम्ही म्हणाल, की बंद इअरबड्समध्येही बाहेरचा आवाज आत सोडण्याची सोय असते. असते. पण तो आवाज मायक्रोफोनने टिपून पुन्हा वाजवलेला असतो. धावताना किंवा सायकलवर वारा त्या मायक्रोफोनवर आपटला, की नुसता खरखराट. शिवाय बॅटरी संपली, की कानात उरतो तो बोळाच. कानाला मूळचं जे दिलेलं आहे, तेच आधी बुजवायचं आणि मग यंत्राकडून परत मागायचं, हा द्राविडी प्राणायाम मला पटत नाही.

आणखी एक कारण खास आपल्या हवेचं. कोकणपट्टीत चार महिने अंगावरचा घामसुद्धा वाळत नाही. अशा दमटपणात घामेजलेला कान रबरी बोंडाने तास-तास बुजवला, की आत ओल साठते, खाज सुटते आणि बुरशीलाही आमंत्रण मिळतं. उघड्या कानाला निदान वारा लागतो.

पण विकणारे सांगत नाहीत अशा गोष्टीही सांगायला हव्यात. कान उघडा म्हणून तो सुरक्षित, हा मोठा गैरसमज आहे. रहदारीच्या रस्त्यावर बाहेरचा गोंगाट आत येतो, गाणं बुडतं, आणि मग माणूस काय करतो? आवाज वाढवतो! हाडातून आला काय किंवा हवेतून आला काय, मोठा आवाज शेवटी आतल्या कानातल्या त्याच नाजूक केसपेशींवर आदळतो, आणि त्या एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचं मोजमाप असं आहे, की मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकला तर चालतो. तोच आवाज ९० वर नेला, की मर्यादा ४० तासांवरून थेट ४ तासांवर येते. म्हणून माझा नियम सोपा आहे. घरातल्या शांततेत जेवढा आवाज पुरेसा वाटतो, तेवढाच ठेवून बाहेर पडायचं. बस आली आणि गाणं बुडालं, तर बुडू द्यायचं. बस गेली की अभिषेकीबुवा पुन्हा वर येतात!

दुसरं म्हणजे, यातून तबल्याचा बायां आणि पखवाजाची घुमारी नीट ऐकू येत नाही. कान बंद असल्याशिवाय खर्ज साठत नाही, त्याला इलाज नाही. मोगूबाई कुर्डीकर किंवा केसरबाई केरकर मन लावून ऐकायच्या असतील, तर घरी आरामखुर्चीत बसून ऐका. केसरबाईंचा आवाज १९७७ पासून व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीतून अंतराळात फिरतो आहे, तिथे मागून टेम्पो येण्याची भीती नाही. आपल्या रस्त्यावर ती आहे. आणि तिसरं, आवाज थोडा बाहेर सांडतो. बसमध्ये, वाचनालयात, देवळात शेजाऱ्याला तुमचं गाणं फुकट आणि नकोसं ऐकू येतं. तिथे घालू नयेत.

आता निवडीचं. माझी खिशाला लागलेली चाट इथेच कामाला येईल. जुलैत मी हौसेने स्वस्तातले, चिमट्याचे घेतले. खोक्यावर 'घाम आणि पाऊस चालेल' असं छापलेलं. चतुर्थी यायच्या आत उजवा मुका झाला. दुकानदाराने आत ओल दाखवली आणि पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही म्हणून हात वर केले. मग मी खोक्यावरचे आकडे वाचायला शिकलो. 'आयपी' या अक्षरांपुढे दोन खुणा असतात. पहिली धुळीची, दुसरी पाण्याची. 'एक्स' असेल तर ती चाचणी नोंदलेलीच नाही असं समजा. पाण्याच्या जागी ४ म्हणजे शिंतोडे, ५ म्हणजे पाण्याची धार, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. माझे होते 'आयपीएक्स४'चे. मिरगाच्या पावसात शिंतोडे कुठले? धबधबाच असतो. आपल्याकडे निदान 'आयपी५५' बघून घ्यावं. आणि लक्षात ठेवा, या चाचण्या गोड्या पाण्याच्या असतात. घाम आणि दर्याचा वारा, दोन्हीत मीठ. घरी आल्यावर ओल्या फडक्याने पुसून, कोरडे करून मगच डबीत ठेवावेत. ओले डबीत घालून चार्जिंगला लावले, की टोकं गंजलीच म्हणून समजा.

घेण्याआधी कानाला लावून पाहण्याचा हट्ट धरा. नुसते लावू नका, दुकानातच मान हलवा, चार उड्या मारा, लोक हसले तर हसू देत. चष्मा असेल तर आकड्याचा प्रकार चष्म्याच्या काडीशी भांडतो. त्यांना चिमटा बरा. सायकलवाल्याने हेल्मेट घेऊनच दुकानात जावं, कारण मानेमागून जाणारी पट्टी हेल्मेटच्या पट्ट्यात अडकते. घामेजल्या बोटांना स्पर्शाची बटणं दाद देत नाहीत, दाबायचं खरं बटण असलेलं घ्यावं. पोहणाऱ्यांनी तर ब्लूटूथच्या नादी लागूच नये. पाण्याखाली त्या लहरी वीतभरही धड जात नाहीत. त्यांच्यासाठी गाणी आतच साठवणारे वेगळे प्रकार मिळतात. किंमत म्हणाल तर दीड-दोन हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत. महाग तेवढं चांगलं असं नाही, पण अगदी स्वस्तातलं दोनदा घ्यावं लागतं, हे मी सांगू शकतो.

एवढं सगळं सांगून शेवटी जे सांगायचं ते असं, की काही ठिकाणी तेही खिशात ठेवावेत. २०१९ साली मिरामारला आयर्नमन ७०.३ ही शर्यत पहिल्यांदा झाली. १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि वर २१.१ किलोमीटर धावणं. एवढ्या सगळ्या वेळात स्पर्धकांना कानात इअरबड्स घालायला नियमाने मनाई असते. तयारीतली माणसं जर कानात काही न घालता हे पार पाडू शकतात, तर आपल्याला हमरस्ता ओलांडताना दोन मिनिटं गाणं थांबवायला काय हरकत आहे? विजेवरच्या स्कूटर आणि कदंबच्या विजेवरच्या बसगाड्या आता पूर्वीसारख्या गुरगुरत येत नाहीत. त्या उघड्या कानालाही उशिराच कळतात. दुचाकी किंवा मोटार चालवताना तर उघडे नाहीत नि बंदही नाहीत, काहीच नको.

मला तर अलीकडे वाटू लागलं आहे, की अपघात टळला हा फायदा खरा, पण दुसरा फायदाही लहान नाही. गावात माणसं एकमेकांना हाकेने ओळखतात. नुस्तेकान्नीची आरोळी, देवळातला चौघडा, इगर्जीची घंटा, पोदेराचा भोंगा, यांतला प्रत्येक आवाज कुणीतरी कुणालातरी मुद्दाम घातलेली साद असते. आपण 'ओ' दिली नाही, तर ती माणसं दोन-चार दिवस वाट पाहतात आणि मग हाक मारायचंच सोडून देतात. माझ्या पोदेराने निदान थांबून विचारलं. सगळेच विचारतील असं नाही.

आता माझ्याकडे आकड्याचे आहेत, 'आयपी५५'चे, आणि आवाज निम्म्याच्या खाली. आजच सकाळी अभंग ऐन रंगात असताना वळणावर मागून पों-पों झालं. मी चार बोटं वर केली. मग आठवलं, आज भाचा आला आहे. वळून ओरडलो, "सहा दवर रे!"