लहान देशाचा व्यापार आणि आपले दोन तालुके

देशाची श्रीमंती त्याच्या क्षेत्रफळावर व जमिनीच्या कसावर अवलंबून असते, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. महाड व पोलादपूर तालुक्यांत शेतकऱ्यांशी बोलताना ती वारंवार ऐकावयास मिळते. आमच्याकडे जमीन ती केवढी, डोंगराचा वरकस, लहान लहान खाचरे, चार महिने धो धो पाऊस आणि पुढे आठ महिने कोरडे. यातून व्यापार तो काय होणार, असे म्हटले जाते. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. परंतु आपल्याइतक्याच अडचणीच्या भूमीवर राहून ज्यांनी जगातील एक मोठा शेतमालाचा व्यापार उभा केला, अशा एका लहान देशाची हकिकत पाहिली म्हणजे ती अर्धीच खरी आहे, असे दिसून येईल.

तो देश म्हणजे युरोपातील नेदरलँड्स. हॉलंड या नावानेही तो आपणांस परिचित आहे. तेथील लोकांस मराठी कागदपत्रांत 'वलंदेज' म्हटलेले आढळते, आणि १६३७ साली त्यांनी कोकणात वेंगुर्ल्यास वखार घातली होती. या देशाचे क्षेत्रफळ सुमारे साडेएकेचाळीस हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सातव्या हिश्शाहूनही कमी आहे. त्यातील सुमारे चौथाई भूमी समुद्रसपाटीच्या खाली आहे. समुद्र बांधाने अडवावा, आतील पाणी उपसून बाहेर टाकावे आणि मग नांगर धरावा, अशी ती शेती. १९५३ च्या फेब्रुवारीच्या आरंभी बांध फुटले तेव्हा तेथे १,८३६ माणसे मृत्युमुखी पडली. जुलै २०२१ मध्ये महाडचा महापूर आणि तळियेची दरड पाहिलेल्या लोकांना अशा संकटाचे वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही.

व्यापार कशावर उभा आहे

या देशाची शेतमालाची निर्यात २०२३ साली १२० अब्ज युरोंहून अधिक किमतीची होती. यातील सुमारे एक-तृतीयांश माल त्या देशात पिकलेलाच नसतो. तो बाहेरून येतो, तेथे उतरतो, निवडला जातो, पुन्हा बांधला जातो आणि पुढे शेजारच्या देशांत जातो. कोकोचे झाड तेथे उघड्यावर वाढत नाही; तरीही ॲमस्टरडॅम हे कोको उतरविणारे जगातील एक अग्रगण्य बंदर आहे आणि आलेल्या बियांवर प्रक्रिया करण्याचा धंदा तेथे एकोणिसाव्या शतकापासून चालत आला आहे. ऱ्हाइन व मास या नद्यांच्या मुखाशी रॉटरडॅम बंदर आहे. जर्मनीसारख्या मोठ्या देशाचा माल त्या नद्यांतून खाली येतो आणि जगाचा माल वर जातो. आपल्या नाशिकची द्राक्षे याच बंदरात उतरून युरोपभर जातात. नेदरलँड्स हा कित्येक वर्षे भारतीय द्राक्षांचा प्रमुख ग्राहक आहे.

येथे कोणी म्हणेल की, बंदर आणि नदी लाभल्यावर व्यापार होणारच. त्यांनी महाडचा इतिहास आठवून पाहावा. सावित्रीच्या भरतीच्या पाण्याने गलबते बाणकोटच्या मुखातून आत येत आणि महाडला लागत. वरंध घाटातून व पारच्या बाजूने देशावरचा माल उतरे, खालून मीठ, मासळी व परमुलखाचा माल वर चढे. गांधारपाल्याची लेणी या मार्गाच्या प्राचीनतेची साक्ष देतात. थोडक्यात, नदी, बंदर आणि घाट हे तिन्ही महाडला होते. पुढे १८६३ साली भोर घाटातून रेल्वे गेली, देशावरच्या मालाला मुंबईची सरळ वाट मिळाली, आणि महाडची उलाढाल उतरत गेली. नुसत्या जागेच्या सोयीवर उभा असलेला व्यापार दुसरीकडे अधिक सोय झाली की निघून जातो, असा याचा अर्थ आहे.

आज तर बंदराची अडचणही राहिलेली नाही. १९८९ पासून चालू असलेले न्हावा-शेवा बंदर आपल्याच जिल्ह्यात, उरण तालुक्यात आहे. नाशिक-सांगलीची द्राक्षे घाट उतरून तेथे येतात आणि शीतपेट्यांतून जहाजावर चढतात. आपल्या दोन तालुक्यांतील किती माल तेथे जातो, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारावा. बंदर जवळ असूनही आपला माल तेथपर्यंत जात नसेल, तर उणीव दुसऱ्याच कशाची तरी आहे.

लोण्याची हकिकत

ही उणीव कोणती ते नेदरलँड्सच्याच एका जुन्या अनुभवावरून कळते. एकोणिसाव्या शतकात तेथील लोणी इंग्लंडच्या बाजारात खपत असे. १८७१ च्या सुमारास त्याच देशात चरबीपासून कृत्रिम लोणी म्हणजे मार्गारिन तयार करण्याचे कारखाने निघाले. काही व्यापाऱ्यांनी ते खऱ्या लोण्यात मिसळून विकावयास प्रारंभ केला. थोड्याच वर्षांत इंग्रज ग्राहकाचा विश्वास उडाला. भेसळ करणारे थोडे होते; पण विलायतेतील गिऱ्हाइकास चांगल्या गवळ्याचे लोणी कोणते आणि वाईट व्यापाऱ्याचे कोणते हे कळण्यास मार्ग नव्हता. त्याने साऱ्या देशाचेच लोणी संशयित मानले. याच काळात शेजारच्या डेन्मार्कमध्ये १८८२ पासून शेतकऱ्यांचे सहकारी दूधसंघ निघू लागले होते. त्यांचे लोणी एकसारख्या प्रतीचे असे आणि बाजार त्यांच्याकडे वळला.

यावर नेदरलँड्सने शोधलेला उपाय नीट ध्यानात घेण्यासारखा आहे. कायदे झाले, लोण्याची तपासणी करणारी केंद्रे निघाली, आणि १९०४ साली लोण्यासाठी सरकारी खुणेची चिठ्ठी सुरू झाली. माल कोणाकडून आला हे तिच्यावरील अक्षर-अंकांवरून शोधून काढता येई. जो लबाडी करील त्याची खूण काढून घेतली जाई. गेलेले नाव परत मिळविण्यास असे नियम आणि पुष्कळ वर्षे लागली.

हाच धडा महाराष्ट्राने आपल्या पैशाने घेतला आहे. २०१० साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रक द्रव्याचा अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळला. माल अडकला आणि बागाईतदारांचे मोठे नुकसान झाले. त्यानंतर तपासणी अधिक कडक करण्यात आली. बागेची नोंदणी, फवारणीची नोंद आणि पेटीवरून बागेपर्यंत पोहोचता येईल अशी व्यवस्था, यांच्या आधारावर ही निर्यात पुढे चालू राहिली. २०१४ च्या मे महिन्यापासून युरोपीय संघाने भारतीय आंब्याबरोबर वांगे, कारले, पडवळ आणि अळू यांच्याही आयातीस मनाई केली, कारण मालात फळमाशी व इतर किडी सापडल्या होत्या. आंब्यावरील बंदी २०१५ च्या आरंभी उठली. कारले, पडवळ आणि अळू ही आपल्या परसातील पिके आहेत. किडीचा बंदोबस्त हा आपल्यास वाटतो तसा घरगुती प्रश्न राहिलेला नाही, हे यावरून समजावे.

बाहेरून येणारा पैसा

या देशाच्या अर्थव्यवस्थेतील आणखी एक गोष्ट आपल्या भागास विशेष लागू पडते. १९५९ साली तेथे ग्रोनिंगेन प्रांतात नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला. वायूच्या विक्रीतून पैसा आला, परंतु त्या पैशाने देशाचे चलन महागले, मजुरी वाढली आणि इतर उद्योगांचा माल परदेशांत खपेनासा झाला. या अवस्थेस अर्थशास्त्रज्ञ 'डच रोग' म्हणतात. आयता पैसा आला की हाताचे कसब मंदावते, असा त्याचा मथितार्थ. पुढे भूकंपाच्या धक्क्यांमुळे २०२३ साली तेथील वायूचे नियमित उत्पादनही थांबविण्यात आले.

महाड-पोलादपूरच्या घराघरांत मुंबईहून पैसा येतो. पूर्वी मनीऑर्डरने येई, आता बँकेतून येतो. ही उपमा तंतोतंत जुळणारी नाही. मुंबईचा पैसा जमिनीतून निघालेला नसून आपल्या मुलांनी घाम गाळून मिळविलेला आहे आणि त्यास नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु परिणामांत साम्य आहे. मजूर मिळत नाही, वरकस ओस पडतो, नाचणी-वरी मागे पडते, आणि दूध, अंडी व भाजीपाला यांची वाहने घाट उतरून आपल्या बाजारात येतात. गावाचा जमाखर्च मांडला तर आपण माणसे बाहेर पाठवितो आणि अन्न विकत आणतो, असे दिसेल. ज्या घरातील कमावता हात उद्या परत आला त्या घरास शेतीने आधार द्यावयाचा असेल, तर तिची घडी आजच बसविली पाहिजे.

आपला परदेश मुंबई

मग आपण निर्यात करावी काय? माझे स्पष्ट मत असे आहे की, आरंभी सातासमुद्रापलीकडची गोष्ट बोलू नये. जेथे घेणारा विकणाऱ्यास ओळखत नाही तेथून परदेश सुरू होतो. या अर्थाने मुंबई हा आपला पहिला परदेश आहे, आणि तेथे या दोन तालुक्यांची हजारो कुटुंबे राहतात. त्यांना गावच्या कडव्या वालाची चव ठाऊक आहे. पण दुकानातून ते जो वाल घेतात तो कोणत्या गावचा, कोणत्या सालचा, हे त्यांना कोणी सांगत नाही.

वालाचेच उदाहरण घेऊ. भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर, पाण्याची पाळी न देता येणारे हे आपले हक्काचे पीक. मळणीनंतर आपण काय करतो? लहान-मोठा दाणा, खडा-माती, किडका दाणा सर्व एकत्र गोणीत भरून पैशाची नड असेल त्या दिवशी दारी आलेल्या व्यापाऱ्यास देतो. तो सर्वांत हलक्या गोणीवरून सर्व गोण्यांचा भाव ठरवितो. ज्याने उन्हात चांगले वाळविले, पाखडले, निवडले, त्यास त्याच्या कष्टाचा मोबदला मिळत नाही. म्हणून पुढील वर्षी तोही निवडण्याचे सोडून देतो. लोण्याच्या बाबतीत नेमके हेच झाले होते. आपल्याच जिल्ह्यात अलिबागच्या पांढऱ्या कांद्यास भौगोलिक मानांकन मिळाले आहे. नावास किंमत येते हे त्यावरून दिसते. पण मानांकनाचा कागद नंतरचा, मालाची शिस्त आधीची.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, निवडून उरलेला हलका माल कोण घेणार? तो हलक्या मालाच्या भावाने विकावा किंवा डाळीस लावावा. मात्र चांगल्यात मिसळू नये. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. व्यापारी रोख देतो, वेळप्रसंगी आगाऊही देतो. शेतकऱ्याने थांबावे कसे? नेदरलँड्सच्या शेतकऱ्यासही हीच अडचण होती. १८९६ च्या पुढे तेथे गावोगाव शेतकऱ्यांच्या पतपेढ्या निघाल्या व त्यांतूनच पुढे मोठी सहकारी बँक झाली. आपल्या राज्यात बाजार समित्यांमार्फत शेतमाल तारण कर्जाची योजना १९९०-९१ पासून आहे. ती आपल्या मालास कशी लागू करता येईल, याचा पाठपुरावा ग्रामकार्यकर्त्यांनी केला पाहिजे.

त्या देशाचे सर्वच अनुकरण करावे असे मात्र नाही. अल्प जागेत बेसुमार जनावरे पाळल्याने तेथील जमीन, पाणी व हवा नत्राने दूषित झाली आहे. २०१९ मध्ये तेथील न्यायसंस्थेने यासंबंधी निर्णय दिल्यावर निर्बंध आले आणि शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर उतरले. निर्यातीचा आकडा वाढला म्हणजे सर्व कुशल आहे असे समजणे चुकीचे ठरते.

परंतु एक गोष्ट निःसंशय घेण्यासारखी आहे. समुद्राचा बांध एका ठिकाणी फुटला तर सर्वांची शेते बुडतात, म्हणून तेराव्या शतकापासून तेथील शेतकऱ्यांनी बांध राखण्यासाठी जलमंडळे स्थापिली, कर भरला आणि आपल्यातूनच कारभारी निवडले. आपल्या जिल्ह्याच्या खारेपाटातही गावाने मिळून बांध राखण्याची जुनी रीत आहे. मालाचे नाव हाही असाच एक बांध आहे. तो एकट्यादुकट्याने राखता येत नाही.

म्हणून येत्या हंगामात प्रत्येक ग्रामकार्यकर्त्याने आपल्या कक्षेतील एक गाव आणि त्यातील दहा-पंधरा शेतकरी निवडावेत. वाल कडकडीत वाळवून, पाखडून, एका मापाच्या चाळणीने चाळावा. साल आणि गाव लिहिलेल्या सारख्या वजनाच्या पिशव्या शिवाव्यात. प्रत्येक पिशवीवर शेतकऱ्याचा क्रमांक असावा आणि पिशवीत खोट निघाल्यास त्या क्रमांकाचा माल पुढील वर्षी घेऊ नये, असा ठराव गावाने स्वतः करावा. पहिल्या वर्षीच्या पिशव्या गावच्या मुंबईकर मंडळींसच द्याव्यात. शिमग्यास ती गावी येतात, त्यांच्याइतके परखड परीक्षक दुसरे मिळणार नाहीत. त्यांच्या तक्रारी लिहून ठेवाव्यात, आणि दुसऱ्या वर्षीची पेरणी करण्यापूर्वी त्या सर्वांसमोर वाचून दाखवाव्यात.