सगळे जिंकतात किंवा सगळे हरतात

लुडोच्या पटावरून भावंडे भांडली नाहीत असे घर शोधून सापडणार नाही. घराच्या तोंडाशी आलेली गोटी मारली गेली की धाकटा रडतो, थोरला हसतो आणि अम्मी स्वयंपाकघरातून ओरडते, "उचला तो पट आता!" कॅरम, बुद्धिबळ, व्यापार, आपले बहुतेक बैठे खेळ याच जातीचे. एकाने जिंकायचे तर बाकीच्यांनी हरायलाच हवे. त्यात वाईट काही नाही. हार पचवणे हेही शिक्षणच आहे. पण गेल्या पंचवीसेक वर्षांत बैठ्या खेळांची एक वेगळी जात जगभर रुजली आहे, आणि ती आपल्या घरांत अजून फारशी पोहोचलेली नाही. तिची ओळख करून द्यावी म्हणून यावेळचे हे पान.

या खेळांना सहकारी खेळ म्हणतात. पटाभोवती बसलेले सगळे एकाच बाजूचे असतात. समोर शत्रू म्हणून खुद्द खेळच असतो. पत्त्यांच्या गड्डीतून एकेक संकट बाहेर येते आणि सगळ्यांनी मिळून त्याला तोंड द्यायचे. जिंकले तर सगळे जिंकतात, हरले तर सगळेच हरतात. यांतल्या अनेक खेळांचे विश्व दास्तानांतल्यासारखे अद्भुत असते. बुडणारी बेटे, शापित खजिने, अंधाऱ्या गुहा, राक्षस आणि त्यांच्याशी झुंजणारी चार-पाच जणांची टोळी.

असे खेळ आधीही होते, पण मोठ्यांच्या बैठकीत त्यांना मान मिळवून देणाऱ्यांत एक नाव ठळक आहे, रायनर क्निझिया. हे जर्मन गृहस्थ गणितातले डॉक्टरेट. टॉल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वर त्यांनी 2000 साली एक खेळ काढला. खेळणारे दोन ते पाच जण हॉबिट म्हणजे बुटकी, साधी माणसे होतात. एका रेषेवर एका बाजूने ते आणि दुसऱ्या बाजूने साउरॉन हा दुष्ट सम्राट, असे एकमेकांच्या जवळ सरकत असतात. अंगठी ज्याच्याजवळ आहे तो साउरॉनच्या हाती लागला की सगळ्यांचाच खेळ खलास. त्यामुळे कधी कधी एकाने स्वतः धोक्यात पाऊल टाकून अंगठीवाल्याला वाचवावे लागते. या खेळापासून प्रेरणा घेणाऱ्यांत अमेरिकेतले मॅट लीकॉक होते. 2008 साली त्यांचा 'पॅन्डेमिक' आला, ज्यात सगळे मिळून साथीचे रोग आटोक्यात आणतात. 2010 साली आला 'फॉरबिडन आयलंड'. सोपा, अर्ध्या तासात संपणारा आणि घरातल्या दहा वर्षांच्या मुलालाही समजणारा. म्हणून तोच जरा तपशिलाने सांगते.

जाड पुठ्ठ्याचे 24 चौकोन मांडले की बेट तयार होते. त्यावर चार खजिने दडलेले असतात. दोन ते चार जण खेळतात आणि प्रत्येकाला एक भूमिका मिळते. इंजिनिअर एका कामाच्या श्रमात दोन ओल्या जागा कोरड्या करतो, पायलट कुठूनही कुठेही उडतो, निरोप्या दूर बसलेल्या साथीदारालाही आपला पत्ता देऊ शकतो. आपल्या पाळीला तीनपर्यंत कामे करायची. चालायचे, जागा कोरडी करायची, पत्ता द्यायचा किंवा खजिना उचलायचा. एका खजिन्यासाठी एकाच हातात त्याचे चार पत्ते जमावे लागतात. पाळी संपली की पाण्याचे पत्ते उघडायचे. ज्या जागेचा पत्ता निघेल ती आधी ओली होते आणि पुन्हा निघाला की कायमची बुडते. मधेच 'पाणी वाढले' असा पत्ता येतो. मग आधी उघडलेले पाण्याचे पत्ते पिसून पुन्हा गड्डीवर ठेवतात. म्हणजे ज्या जागा नुकत्याच भिजल्या त्यांच्यावरच पुन्हा संकट. ज्याच्या घरी आजारपण आले त्याच्याच घरी त्या वर्षी नोकरीही जावी, तसे. चारही खजिने घेऊन सगळ्यांनी हेलिकॉप्टरच्या तळावर पोहोचायचे. एकजण जरी मागे राहिला तरी हेलिकॉप्टर उडत नाही.

आमचा चार मैत्रिणींचा गट आहे. बीएडच्या दिवसांतली ओळख. आता एक मुख्याध्यापिका, एक बँकेत, एक घर सांभाळून शिवणकाम करणारी आणि एक मी. चाळिशीनंतर मैत्रिणी भेटतात कुठे? लग्नात, नाहीतर मयतीला. दोन्हीकडे दस्तरखान उचलला की गप्पा संपल्या. म्हणून आम्ही महिन्यातला एक रविवार ठरवला. जोहरनंतर जमायचे, असरला उठायचे, पुन्हा बसायचे. पट जिथल्या तिथे राहतो, पळून जात नाही.

या खेळांचा एक मोठा दोष आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. सगळे एकाच बाजूचे असल्यामुळे ज्याला जास्त कळते तो सगळ्यांचा खेळ खेळू लागतो. "तू इथे जा, तू तो पत्ता दे, तू थांब." बाकीचे नुसते हात हलवतात. खेळणाऱ्यांच्या जगात ही जुनी तक्रार आहे आणि खेळ बनवणाऱ्यांनी त्यावर युक्त्याही काढल्या आहेत. 2013 साली जर्मनीचा मानाचा वार्षिक पुरस्कार मिळालेल्या 'हनाबी' या खेळात स्वतःचे पत्ते उलटे धरायचे असतात. ते इतरांना दिसतात, आपल्याला नाही. साथीदाराने मोजक्या खुणा द्यायच्या आणि आपण त्याच्या भरवशावर पत्ता टाकायचा. 2017 सालचा 'ग्लूमहेवन' हा अद्भुत जगातला अवाढव्य खेळ आहे. पेटीचे वजन जवळपास 10 किलो आणि मोहिमा 95. त्यात प्रत्येकजण आपल्या हातातले दोन पत्ते गुपचूप निवडतो. आपला बेत साधारणपणे सांगता येतो, नेमके आकडे सांगायला मनाई. शिवाय प्रत्येकाचे एक खासगी उद्दिष्ट असते, ते इतरांना ठाऊक नसते. म्हणजे कुणी कितीही हुशार असले तरी दुसऱ्याच्या डोक्याने खेळू शकत नाही.

आमच्या साध्या बेटाच्या खेळात अशी सोय नाही. म्हणून आम्हीच एक कायदा केला. ज्याची पाळी त्याचा शब्द शेवटचा, आणि विचारल्याशिवाय सल्ला नाही. मुख्याध्यापिका बाईंना हे फार जड गेले. दिवसभर चाळीस माणसांना कामे वाटून देणाऱ्या बाईला तोंड मिटून बसायला सांगणे म्हणजे सजाच!

या कायद्याचा खरा अर्थ मला एका रविवारी कळला. आमची शिवणकाम करणारी मैत्रीण तलाकनंतर माहेरी आली होती. वर्षभर ती कुणाकडे जात नव्हती. जाईल तिथे बायका जवळ बसवून घ्यायच्या आणि सुरू व्हायच्या, काय झाले, कुणाची चूक, मुलांचे काय, आता पुढे काय. सल्ला तर न मागता मिळायचा. आमच्याकडे ती खूप आग्रहानंतर आली. तिला काही विचारायचे नाही असे आम्ही मुद्दाम ठरवले नव्हते. पण बेट बुडत होते आणि सगळ्यांचे डोळे पटावर होते. तिच्या वाट्याला निरोप्याची भूमिका आली होती.

तीन खजिने हाती आले होते. चौथ्याचे तीन पत्ते बँकेतल्या मैत्रिणीकडे होते आणि ती नेमक्या जागी उभी होती. चौथा पत्ता निरोप्याकडे होता. पण निरोप्या उभा होता हेलिकॉप्टरच्या तळाजवळ, आणि तळ ओला झाला होता. त्या पाळीची दोन कामे आधीच खर्च झाली होती, एकच उरले होते. तळ कोरडा करावा की पत्ता द्यावा? ती बराच वेळ विचार करत बसली. मुख्याध्यापिका बाईंनी ओठ घट्ट आवळले होते. शेवटी ती म्हणाली, "मी पत्ता देते." दिला. पाण्याचे पत्ते उघडले आणि तिसरा पत्ता तळाचा निघाला. तळ बुडाला, खेळ संपला.

खोलीत क्षणभर शांतता. मग मुख्याध्यापिका बाईच म्हणाल्या, "पत्ते पिस गं. पुन्हा मांडू." एवढेच. "मी सांगणारच होते" हे वाक्य त्यांच्या जिभेवर असणार, पण बाहेर आले नाही. त्या दिवसानंतर आमच्या त्या मैत्रिणीचा एकही रविवार चुकलेला नाही. तिने मला पुढे कधीतरी सांगितले, "वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी मला माझे माझे ठरवू दिले, आणि चुकले तरी कुणी बोलले नाही."

वाचक भगिनी-बंधूंनो, सहकारी खेळाची परीक्षा हरल्यानंतरच्या पहिल्या वाक्यात असते. आपल्या घरांतही तेच आहे. मुलाने स्वतःहून निवडलेली शाखा जमली नाही, सुनेने काढलेला छोटा धंदा चालला नाही, अब्बांनी घेतलेली जमीन वादात अडकली, तर घरात पहिले वाक्य कोणते उच्चारले जाते? "मी सांगितले होते" की "पुन्हा मांडू"? पहिले वाक्य ज्या घरात चालते तिथे पुढच्या वेळी कुणी धाडसाने काही ठरवत नाही. सगळे एकाच माणसाच्या तोंडाकडे बघत बसतात, आणि तो माणूसही शेवटी थकून जातो.

काही पालक विचारतात, "बाई, हे राक्षस, जादूगार आपल्या मुलांनी कशाला खेळायचे?" प्रश्न रास्त आहे. एखाद्या खेळाची चित्रे किंवा कथा आपल्या घराला पटत नसेल तर तो सोडून द्यावा, निवड भरपूर आहे. फाशांना ज्यांच्या घरात हरकत आहे त्यांच्यासाठी सांगते, वर सांगितलेल्या 'फॉरबिडन आयलंड', 'पॅन्डेमिक', 'हनाबी' आणि 'ग्लूमहेवन'मध्ये फासा नाही, पैशांची पैज तर नाहीच. पण अद्भुत कथांशी आपले नाते नवे नाही. दास्तान-ए-अमीर हम्जा आपल्या पूर्वजांनी रात्र-रात्र ऐकली. अकबराने तिची सुमारे 1400 चित्रे काढून घेतली. लखनौच्या नवल किशोर छापखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे जाडजूड खंड छापले. त्या दास्तानीत एकटा वीर काही करत नाही. हम्जाबरोबर तीरंदाज मुकबिल असतो, आणि झंबीलमध्ये सारी दुनिया भरून फिरणारा चलाख अमर अय्यार असतो. प्रत्येकाचा हुन्नर वेगळा, आणि एकावाचून दुसऱ्याचे अडते. हीच तर या खेळांची रचना!

परदेशी खेळ आपल्याकडे महाग पडतात. म्हणून माझ्या नववीच्या वर्गाने स्वतःचा खेळ तयार केला. खोक्यांच्या पुठ्ठ्याचे चौकोन कापून तिलिस्म मांडला. तो तोडायचा तर 'लौह'चे चार तुकडे शोधायचे, आणि प्रत्येक पाळीनंतर एकेक वाट बंद होत जाणार. पहिल्या दिवशी हम्जा कोण होणार यावरून भांडण झाले. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना अमर अय्यार व्हायचे होते, कारण त्याच्या झंबीलवाचून कुणाचेच चालत नव्हते. आपण किती थोर यापेक्षा आपण किती उपयोगी हे मुलांना आपोआप समजले. उर्दूच्या तासाला दास्तान आणि मराठीच्या तासाला नियम लिहिणे, दोन्ही विषय झाले.

घरी सुरुवात करायची असेल तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. पहिला खेळ सर्वांत सोप्या पातळीवर मांडा. नियम एकाने आधी वाचून ठेवावेत, पटासमोर बसून वाचू नयेत. घरात सर्वांत कमी बोलणाऱ्याला पहिली पाळी द्या, मग ती दादीजान असो की सहा वर्षांची नात. आणि पाळी ज्याची त्यालाच ठरवू द्या, बेट बुडाले तरी चालेल. पुठ्ठ्याचे बेट पाच मिनिटांत पुन्हा मांडता येते.