दुभाष्याची खुर्ची

मा. सचिव,
दिव्यांग कल्याण विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई.



माझी थोरली बहीण जन्मापासून कर्णबधिर आहे. दोन वर्षांपासून तिचा पोटगीचा दावा चालू आहे. साक्षीच्या दिवशी न्यायालयात दुभाषी नव्हता. "भाऊ आलाय ना? त्याला कळतं ना? मग त्यालाच उभं करा," असं ठरलं आणि मी उभा राहिलो. नवऱ्याच्या घरी काय काय झालं ते ताई हातांनी सांगत होती, पाच-सात मिनिटं सलग. बोटं, भुवया, खांदे, सगळं बोलत होतं. मी सांगितलं, "सासरी त्रास व्हायचा, म्हणून ती निघून आली." समोर वडील बसले होते, मागे भावकीतली माणसं होती, आणि तिनं जे सांगितलं ते माझ्या तोंडून निघेना. ताईला ओठ थोडेफार वाचता येतात. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हात खाली घेतले.

कागदावर त्या पाच-सात मिनिटांची एक ओळ आहे. तीही माझी.

चूक माझी होती, हे आधी लिहून टाकतो. पण घरचा माणूस दुभाषी झाला की घराची अब्रूही त्याच्याबरोबर उभी राहते, हे मला त्या दिवशी कळलं. आठ वर्षांचा असल्यापासून मी हे काम करतोय. बँकेत, दवाखान्यात, रेशनच्या कचेरीत. खिडकीपलीकडचा माणूस ताईकडे पाहतच नाही. "त्यांना विचार" असं मला सांगतो, आणि मी विचारीपर्यंत पुढच्या माणसाचा कागद हातात घेतो. आज ताई त्रेचाळीस वर्षांची आहे, शिवणाचं दुकान चालवते, हिशेब चोख ठेवते.

तुम्हालाच हे पत्र का, तर २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या बाराव्या कलमामुळे. साक्ष, युक्तिवाद किंवा मत ज्याच्या त्याच्या पसंतीच्या भाषेत आणि संवादाच्या रीतीने नोंदवता यावं, यासाठी लागणाऱ्या सोयी शासनाने पुरवाव्यात, असं त्यात म्हटलं आहे. न्यायाधीशांनी शोधाशोध करावी, असं नव्हे. शासनाने. महाराष्ट्रात दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग डिसेंबर २०२२ मध्ये झाला, तो तुमचा.

हे जमत नाही असंही नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील सर्वोच्च न्यायालयात दुभाष्याच्या मदतीने उभ्या राहिल्या. सुनावणी दूरदृश्य पद्धतीने होती. दुभाष्याला सतत पडद्यावर ठेवण्यावरून आधी अडचण आली, मग तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी ती दूर केली. पुढे न्यायालयाने स्वतःच दुभाषी नेमला. मी ताईला सारा सनींचा व्हिडिओ दाखवला. तिनं तो तीनदा पाहिला आणि विचारलं, "त्या दुभाष्याला पैसे कोण देतं?" ताईचे प्रश्न असेच असतात, व्यवहाराचे.

आता जरा मागचं सांगतो. ताईच्या शाळेत खुणा केल्या की हातावर छडी बसायची. बोलायला शिका, ओठ वाचा. भाषा ती शिकली वसतिगृहात, मोठ्या मुलींकडून, रात्री कंदिलाच्या उजेडात. या छडीचं मूळ कर्णबधिरांच्या शिक्षणावरच्या १८८० सालच्या मिलान परिषदेत सापडतं. शिक्षणात बोलण्यालाच प्राधान्य द्यायचं, खुणा हद्दपार करायच्या, असं तिथे ठरलं. १६४ प्रतिनिधींत कर्णबधिर होता एक. उलटं उदाहरण अमेरिकेतल्या कर्णबधिरांच्या गॅलोडेट विद्यापीठाचं. १८६४ पासून तिथे एकही कर्णबधिर अध्यक्ष झाला नव्हता. मार्च १९८८ मध्ये पुन्हा ऐकू येणाऱ्या बाईंची निवड झाली, तेव्हा विद्यार्थ्यांनी विद्यापीठ आठवडाभर बंद पाडलं आणि कर्णबधिर असलेल्या आय. किंग जॉर्डन यांना अध्यक्षाच्या खुर्चीत बसवूनच थांबले.

आपल्याकडेही असं घडलं आहे, फक्त त्याची चर्चा झाली नाही. इग्नूच्या छायेत २०११ साली सांकेतिक भाषेचं केंद्र सुरू झालं आणि बंदही पडलं. मग ते मुंबईच्या अली यावर जंग संस्थेत विलीन करण्याचा घाट घातला गेला. त्या संस्थेचा कल वाचा-श्रवणाकडे, आमची भाषा तिथे दुय्यम ठरेल, म्हणून कर्णबधिरांनी विरोध केला. तो ऐकला गेला (हा शब्द इथे मुद्दाम वापरतोय) आणि सप्टेंबर २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र वेगळं उभं राहिलं. २०१८ मध्ये त्याचा कोश ३,००० शब्दांचा होता, २०२१ मध्ये १०,००० चा. विरोध केला नसता तर हा कोश कुठल्या कपाटात पडला असता कोण जाणे.

म्हणून मागणी एवढीच. प्रत्येक जिल्ह्यात प्रशिक्षित दुभाष्यांची यादी करा. त्यांचं मानधन शासनाने द्यावं, पक्षकाराने नव्हे. न्यायालय, पोलीस ठाणे आणि सरकारी रुग्णालय यांना ती यादी फोनवर मिळावी. आणि ती ठरवायला बसणाऱ्या समितीत कर्णबधिर माणसं निम्मी तरी असावीत. दुभाषी चांगला की वाईट, हे मला कळत नाही, त्यांना कळतं. सत्काराच्या शाली आणि जागतिक दिव्यांग दिनाचे फलक पुरे झाले. जाता जाता एक, शाळांच्या पाट्यांवरचं 'मूकबधिर' उतरवा. ताई मूक नाही. तिच्याशी भांडून पाहा.

तिची फेरसाक्ष घ्यावी असा अर्ज आम्ही दिला आहे. पुढच्या तारखेला मी न्यायालयात येईन, पण मागच्या बाकावर बसेन. दुभाष्याच्या खुर्चीत त्या दिवशी कोण असेल, हे कृपया त्याआधी कळवावे.

आपला,
एका कर्णबधिर बहिणीचा भाऊ