चिठ्ठी पुण्याची, खिसा नांदेडचा

घरच्या कुत्र्याचा मागचा पाय मोटारसायकलखाली सापडतो. नांदेडच्या किंवा लातूरच्या दवाखान्यात एक्स-रे निघतो, हाड दोन ठिकाणी मोडल्याचे दिसते आणि डॉक्टर कागदावर एक ओळ लिहून देतात : प्लेट टाकावी लागेल, पुण्याला किंवा हैदराबादला न्यावे. ओळ प्रामाणिक आहे. आपल्या हातून न होणारे काम जाणत्याकडे सोपवावे, हे वैद्यकाचे जुनेच पथ्य. परंतु ती ओळ हाती पडल्यावर शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या घरी जो हिशेब सुरू होतो, त्यात तज्ज्ञाची फी हा पहिला आकडा नसतोच.

पहिला आकडा अंतराचा. नांदेडहून हैदराबाद सुमारे पावणेतीनशे किलोमीटर, लातूरहून पुणे सव्वातीनशेच्या वर. भाड्याची मोटार जाण्याचे मोजते तसे येण्याचेही मोजते. किलोमीटरला चौदा रुपये धरले, तरी नांदेड-हैदराबादच्या एका फेरीचे साडेसात हजारांहून अधिक होतात. टाके काढायला व हाड जुळले की नाही हे पाहायला पुन्हा जाणे आले, म्हणजे पंधरा हजार. यात शस्त्रक्रियेचा एक पैसाही धरलेला नाही. रजा, मुक्काम आणि कुत्र्यासह खोली देणारे लॉज शोधण्याची वणवण वेगळीच. रेल्वेने जावे म्हटले, तर कुत्र्याला सोबत घेऊन बसण्याची मुभा फक्त पहिल्या वर्गाच्या बंदिस्त कक्षात, तोही पुरता राखून ठेवला तर. एरवी त्याची जागा गार्डच्या डब्यातील पेटीत. मोडक्या पायाचे जनावर रात्रभर त्या पेटीत ठेवण्याची कल्पना ज्याला करवत नाही, तो पुन्हा मोटारीकडेच वळतो. बहुतेक जण मात्र कोठेच वळत नाहीत. चिठ्ठी खिशात राहते, पाय वाकडा जुळतो आणि जनावर जन्मभर तीन पायांवर उड्या मारते.

अंतराची ही अडचण पैशाने सुटते असेही नाही. रतन टाटा यांनी आपल्या एका कुत्र्याच्या सांध्याच्या शस्त्रक्रियेसाठी त्याला अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात नेले होते. तेथे पोचेपर्यंत उशीर झाला होता. सांधा बदलता आला नाही, तो एका स्थितीत पक्का करून द्यावा लागला. मुंबईत महालक्ष्मी येथे २०२४ साली सुरू झालेल्या टाटा ट्रस्ट्सच्या लहान प्राण्यांच्या रुग्णालयामागे हा अनुभव होता, असे त्यांनीच सांगितले होते. ज्याला अमेरिका परवडते त्यालाही उपचार घराजवळ असावा असे वाटले, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

मराठवाड्यातील पशुवैद्यकीय व्यवस्था उभी राहिली ती गाय, बैल, म्हैस यांच्यासाठी, आणि ते योग्यच झाले. देवणी आणि लाल कंधारी ही ज्या मुलखाची ओळख, तेथे सरकारी दवाखान्याने आधी गोठ्याकडे पाहावे यात गैर काही नाही. १९६२ या क्रमांकावर फोन केला की फिरता दवाखाना येतो, तोही पशुपालकासाठी. पशुधन विम्याच्या योजनेत केंद्राने २०२४ साली पशुपालकाचा हप्ता पंधरा टक्क्यांवर आणला. त्या योजनेत घोडा आहे, गाढव आहे, ससादेखील आहे, कुत्रा नाही. खाजगी कंपन्या कुत्र्याचा विमा उतरवतात खऱ्या, पण तो घेतलेले घर आपल्या गल्लीत शोधून पाहावे.

येथे कोणी विचारील, की जेथे शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी नित्याची, तेथे कुत्र्याच्या हाडाची चिंता शोभते काय? प्रश्न टाळण्यासारखा नाही. परंतु तो विचारताना डोळ्यांपुढे मुंबईच्या बंगल्यातले केसाळ कुत्रे असते. लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यातील जानवळ हे गाव कारवानी कुत्र्यांसाठी ओळखले जाते. ही कुत्री शोभेची नव्हेत. शेतातल्या आखाड्यावर सालगडी रात्री निर्धास्त झोपतो तो कुत्र्याच्या भरवशावर. शिवाय ज्या एक्स-रे यंत्रावर कुत्र्याचा पाय दिसतो त्यावर वासराचाही दिसतो, आणि शेळीच्या पोटावर चालणारा शल्यवैद्याचा हात कुत्रीच्या पोटावर चालण्यासाठी वेगळा लागत नाही.

मग हा हात खरोखरच इतका दूर आहे काय? परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९७२ पासूनचे, उदगीरचे १९८७ पासूनचे. दोन्ही आज महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची. नांदेडहून परभणी पाऊणशे किलोमीटर, लातूरहून उदगीर त्याहूनही थोडे जवळ. शिकवण्यासाठीच का होईना, तेथे शल्यचिकित्सा आहे, प्रजननशास्त्र आहे, प्रयोगशाळा आहे. असे असता चिठ्ठीवर पुणे आणि हैदराबादच लिहिले जात असेल, तर परभणीत किंवा उदगिरात कोणत्या वारी कोणती शस्त्रक्रिया होते, किती रुपयांत होते आणि रात्री दार उघडे असते काय, हे लिहिणाऱ्याच्या टेबलावर नाही असेच मानावे लागेल. विद्यापीठाने एका पानाचे पत्रक काढून ते दोन्ही जिल्ह्यांतील प्रत्येक पशुवैद्याकडे पाठवावे. त्याला फारसा खर्च नाही. खर्च आहे तो पुढच्या कामाला : जागा रिकाम्या न ठेवणे, भूल देण्याची साधने चालू ठेवणे, आणि आठवड्यातून निदान दोन दिवस लहान प्राण्यांचा तज्ज्ञ ठरल्या वेळी हजर असणे.

दूर पाठवल्या जाणाऱ्या रुग्णांपैकी पुष्कळांना तज्ज्ञ लागतोच असे नाही, हेही सांगितले पाहिजे. गोचिडांमुळे येणारा ताप रक्ताच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली सापडतो. पार्वोने लोळागोळा झालेल्या पिल्लाला हवे असते सलाइन आणि रात्रभर जागणारा माणूस. मोटारीतले आठ तास त्याला पेलत नाहीत. कुत्रीच्या गर्भाशयात पू झाला, तर ते काढून टाकणे हे कुशल शल्यवैद्याचे काम आहे, विलायती विद्येचे नव्हे; आणि नोकरदार मालकाला रविवारची सुटी मिळेपर्यंत ते दुखणे थांबत नाही. प्रयोगशाळा आणि रात्रपाळी एवढे जरी जिल्ह्याच्या ठिकाणी आले, तरी किती चिठ्ठ्या लिहाव्याच लागणार नाहीत.

उरल्या त्या चिठ्ठ्यांत एक ओळ वाढावी. ब्रिटनमध्ये २०१६ ते २०२३ या काळात पशुवैद्यकीय सेवांचे दर सरासरी ६३ टक्क्यांनी चढले, तेव्हा तेथील स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने चौकशी केली आणि ऑक्टोबर २०२५ मधील तात्पुरत्या निर्णयात दवाखान्यांनी दरपत्रक जाहीर करावे असे सुचवले. महाराष्ट्रातही माणसांच्या खाजगी इस्पितळांनी दर दर्शनी भागी लावावेत, असा नियम २०२१ पासून आहे. जनावरांच्या दवाखान्यांना तो लावायला कोणाची हरकत असावी? पाठवणाऱ्या डॉक्टरने त्याहून थोडे अधिक करावे. जेथे पाठवायचे तेथे आधी फोन करावा, एक्स-रेचे छायाचित्र मोबाइलवर धाडावे आणि मालकाला तीन गोष्टी सांगाव्यात : अंदाजे खर्च किती, जनावर बरे होण्याची शक्यता किती, आणि न नेल्यास येथे काय करता येईल. तिसरी गोष्ट सांगण्यात कमीपणा मानला जातो. वास्तविक ज्याच्या खिशात पंधरा हजार नाहीत, त्याला तीच सर्वांत आधी ऐकायची असते. आणि ती न ऐकताच तो मांडीवर कुत्रे घेऊन दवाखान्याच्या पायरीवर बसून असतो.